बारा प्रेषितांचं भिंतीवरचं कॅलेंडर २०२६ : सहा महिने खिळ्याला लटकवून झाल्यावर लिहितोय

डिसेंबरात घेतलं तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं कॅलेंडरचा रिव्ह्यू पहिल्याच दिवशी लिहिण्यात काय अर्थ हाय, डिसेंबरात सगळीच कॅलेंडरं भारी दिसतात. पट्टी निघते का, भोक फाटतं का, फॅनच्या वाऱ्यानं पानं कुरकुरतात का ते कळायला उन्हाळा जावा लागतो, आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे माणसाची पट्टी निघते तर कॅलेंडरचं काय. आता जुलैचं पान वर आलंय, टिकलंय, म्हणून लिहितो.

वस्तू अशी हाय. सदर बझारात ख्रिस्ती पुस्तकं, मेणबत्त्या, बायबल कव्हर, लग्नपत्रिका असलं सगळं ठेवणारं एक छोटं दुकान आहे (नाव घेत नाही, पुढं तक्रार पण करायचीय), तिथं मिळालं. मोठं भिंतीवरचं, बारा पानं, आर्ट पेपर, वर पत्र्याची पट्टी, किंमत १५० रुपये. बहुतेक पानांवर प्रेषितांचं (म्हणजे येशूनं पाठवलेल्या शिष्यांचं) चित्र, खाली महिना, प्रेषिताचा सण लाल चौकटीत आणि चौकटीखाली बारीक अक्षरात दोन ओळी की हा दिवस ह्याच तारखेला का. ह्या दोन ओळींसाठी मी घेतलं. घरात कालनिर्णय आहेच, त्यात ख्रिस्ती सण असतातच, पण नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर सोडून बाकी फार बोलत नाही ते, आणि आमच्या घरात तारखांवरनं बोलायला लई असतं.

म्हणजे कसं, आम्ही मूळचे अमेरिकन मराठी मिशनवाले, म्हणजे प्रॉटेस्टंट. आज्जीच्या वेळी प्रेषितांचे सण वगैरे काय नव्हतं, काँग्रिगेशनल लोकं ती, रविवार, नाताळ, पुनरुत्थान, बास. "संतांचे दिवस पाळणं आपल्यात नाही" हे आज्जीचं ठरलेलं वाक्य. मग १९७० ला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, त्यात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीचे) पण आले आणि त्यांच्याबरोबर हे तारखांचं गाठोडं पण आलं. आणि माझी बायको श्रीरामपूरकडची, पक्की कॅथलिक, तिला २९ जून म्हणजे पेत्र आणि पौल हे १५ ऑगस्टसारखं पाठ. तर भिंतीवर एकच खिळा आणि त्याला लटकणार एकच कॅलेंडर, ते कुणाच्या हिशोबाचं, हा आमच्याकडं खरा प्रश्न असतो.

आणि त्यात पप्पा. पप्पांचं नाव थॉमस. आज्जी रेल्वे लाईन्सजवळ राहायची, शेजारी रेल्वेतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं, पप्पा जन्मले २१ डिसेंबरला तर त्या शेजारच्या आंटीनं जुनं इंग्रजी प्रार्थनापुस्तक उघडून दाखवलं की बघ आज सेंट थॉमस, नाव थॉमसच ठेव. आज्जीनं संतांचा दिवस मानला नाही पण नाव मानलं, फुकटात चांगलं नाव मिळतंय तर कोण सोडेल. पप्पा सत्तर वर्षं "माझा वाढदिवस आणि थोमाचा दिवस एकच" असं ऐटीत सांगत आले. मग लग्न होऊन बायको आली आणि पहिल्याच जुलैत ३ तारखेला सकाळी म्हणाली, "पप्पा, आज तुमचा सण, हॅपी फीस्ट." पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "माझा दिवस कुणी हलवला?" दोन दिवस गप्पच होते.

ह्या कॅलेंडरात पहिल्यांदा ते उत्तर छापील मिळालं. जुलैच्या चौकटीखाली लिहिलंय की रोमन कॅलेंडर १९६९ ला नव्यानं बसवलं तेव्हा थोमाला २१ डिसेंबरवरनं उचललं, कारण नाताळच्या आधीचा तो शेवटचा आठवडा आगमनकाळाचा असतो, त्यात मध्येच दुसरा सण नको. आणि ठेवला कुठं तर ३ जुलैला, कारण सिरियन परंपरेत ही तारीख आधीपासनंच होती, एडेसा नावाच्या गावात थोमाचे अवशेष नेले त्याची आठवण म्हणून. केरळचे लोक ह्याला दुक्राना म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की डिसेंबरच्या पानावर २१ तारखेला सुद्धा बारीक काळ्या अक्षरात "थोमा (जुनी तारीख)" असं छापलंय. इंग्लंडच्या चर्चमध्ये आजसुद्धा ३ जुलै आणि २१ डिसेंबर, दोन्हीतली एक निवडायला मुभा आहे म्हणे. पप्पांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, डिसेंबरचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे मला दोन." झालं. १५० रुपये तिथंच वसूल.

आता चित्रांबद्दल. कागद चांगला, रंग चांगले, पण चित्रं कॉम्प्युटरकडनं काढून घेतलीत हे शेंबडं पोरगं पण सांगेल. सगळे प्रेषित गोरेपान, शॅम्पू केलेल्या दाढ्या, गालिलाच्या समुद्रावर मासे धरणारी माणसं ही, उन्हानं रापलेली दाखवा की थोडी. पण कहर जुलैत आहे. थोमा हात पुढं करून जखमेत बोट घालायला निघालाय, योहानाच्या विसाव्या अध्यायातला तो प्रसंग, आणि हाताला बोटं सहा! बाराही प्रेषितांत ज्याच्या बोटाकडं जग दोन हजार वर्षं बघतंय त्याच्याच हाताला सहावं बोट. प्रेसमध्ये एकानं तरी मोजायचं. पप्पा म्हणाले, खात्री करायला एक जास्तीचं दिलं असेल. बायकोला ते आवडलं नाही, ती म्हणाली थोमाला सगळे संशयी म्हणून चिडवतात पण मेलेल्या लाजरसाकडं येशू निघाला त्या वेळी "चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" असं बोलणारा तोच होता, ते चित्र का काढत नाहीत कोण. बरोबर आहे तिचं.

जानेवारीत पौल आहे, २५ जानेवारी, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर उजेड पडला आणि त्याचं मन पालटलं तो दिवस. घोड्यावरनं पडतानाचं चित्र दिलंय. प्रेषितांची कृत्ये काढून वाचा, नवव्या अध्यायात घोडा नाहीच, घोडा चित्रकारांनी शतकानुशतकं घातलाय तो आता कॉम्प्युटरनं पण घातला. माझ्या मतानं पौल तंबू करताना दाखवायला पाहिजे होता, कृत्ये अठरामध्ये सरळ लिहिलंय की त्याचा धंदा तंबू करण्याचा होता आणि करिंथात अक्विलाबरोबर तो तेच काम करायचा. सोलापुरात विकायचं कॅलेंडर, जिथं अर्ध्या गावाचं पोट सुतावर चाललंय, तिथं सूत-कापडात हात असलेला प्रेषित दाखवला असता तर लोकांनी फ्रेम करून लावला असता. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, त्यांना बायबलातला पौल आपला वाटायचा तो ह्याच एका ओळीमुळं.

बरं कॅलेंडर बनवणाऱ्याची एक अडचण मला वापरताना कळली आणि तिथं मी त्याला मार्क देतो. महिने बारा आणि प्रेषित बारा, म्हणजे सोपं काम वाटतं ना, एक महिना एक प्रेषित? अजिबात नाही. सण असे वाटलेलेच नाहीत. जुलैत दोघं, ३ ला थोमा आणि २५ ला थोरला याकोब. मे मध्ये तर तिघं, ३ ला फिलिप्प आणि धाकटा याकोब एकत्र, १४ ला मत्थिया. जूनला पेत्र-पौल एकाच दिवशी, ११ ला बर्णबा, तो बारांतला नाही पण प्रेषित म्हणतात त्याला. ऑक्टोबरला शिमोन आणि यहूदा जोडीनं. आणि मार्चला? कोणीच नाही. एप्रिलला मार्क २५ तारखेला, पण तो शुभवर्तमान लिहिणारा, बारांतला नाही. मार्च बिचारा कोरा. त्यांनी मार्चला शेवटच्या भोजनाचं चित्र टाकून बाराही जणांना एकत्र बसवलं, ही आयडिया मला आवडली, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ पण मार्चमध्येच चालू होता त्यामुळं बसलं बरोबर. फेब्रुवारीला पेत्राचं आसन, २२ तारीख. सणच एका खुर्चीचा! आमच्या मुलानं विचारलं खुर्चीचा पण सण असतो का, त्याला म्हटलं आपल्याकडं नंदीध्वजाच्या काठ्यांची मिरवणूक निघते की संक्रांतीला, साती काठ्यांना मान आहे, तसं ती खुर्ची म्हणजे बसायची खुर्ची नाही, पेत्राच्या हातातल्या जबाबदारीची खूण हाय. पटलं त्याला, सोलापूरचं पोरगं हाय.

ह्याच फेब्रुवारीला पूर्वी २४ तारखेला मत्थिया असायचा. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गेल्यावर रिकाम्या जागेवर चिठ्ठ्या टाकून ज्याला घेतला तो. त्याला मे मध्ये का नेला ह्याचं कारण पण खाली दिलंय, २४ फेब्रुवारी बऱ्याचदा उपवासकाळात यायची आणि तसंही त्याची निवड स्वर्गारोहण (येशू स्वर्गात गेला तो दिवस) आणि पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस) ह्यांच्या मधल्या दिवसांत झालेली, म्हणून त्या दिवसांच्या जवळ नेला. ह्या वर्षी तर गंमतच, १४ मे ला गुरुवारी स्वर्गारोहणाचाच दिवस आला, ईस्टर ५ एप्रिलला होता ना, चाळिसावा दिवस. एका चौकटीत दोन सण कोंबलेत, अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं.

फिलिप्प आणि धाकट्या याकोबाची गोष्ट अजून भारी. त्यांचा दिवस जुन्या काळी १ मे होता. अँग्लिकन जुन्या पुस्तकात अजून १ मे च हाय. पण १९५५ ला पोप पायस बारावे ह्यांनी १ मे हा कामगार योसेफाचा दिवस केला, जगभर कामगार दिन पाळायचे म्हणून, मग ह्या दोघांना उठवून ११ मे ला बसवलं आणि परत १९६९ ला ३ मे ला. म्हणजे कामगारांसाठी दोन प्रेषितांनी जागा सोडली. सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या नातवाला ही ओळ वाचून बरं वाटणार नाही तर काय.

आता पहिली मोठी चूक. मे च्या पानावर धाकट्या याकोबाच्या छातीवर शिंपला काढलाय. शिंपला थोरल्या याकोबाचा! कॅलेंडरच्या मागच्या कव्हरवर त्यांनीच तक्ता छापलाय कुणाची खूण काय, पेत्राला किल्ल्या, पौलाला तलवार, अंद्रियाला तिरका क्रूस, मत्तयाला पैशाची थैली, आणि धाकट्या याकोबाला कापड बडवायचं सोटं, कारण परंपरा अशी सांगते की त्याला त्या सोट्यानं मारलं. तक्त्यात सोटं आणि चित्रात शिंपला. पप्पा पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात प्रोसेसिंगला होते, त्यांना शिंपल्याचं काही वाटलं नाही पण सोटं कसं नाही काढलं ह्याचं वाईट वाटलं. म्हणाले, कापडवाल्यांच्या गावात एक तर खूण आपली होती तीच चुकवली.

दुसरी चूक नाही म्हणता येणार पण फोन मात्र लई आले. ऑक्टोबरच्या पानावर २८ तारखेला लाल अक्षरात "प्रेषित शिमोन व यहूदा". बस्स. आमच्या एका मावशीनं जानेवारीतच सगळी पानं चाळली आणि रात्री साडेनऊला फोन, "अगं बाई, आता यहूदाचा पण सण करायलेत का?" तिला समजावलं की मावशी हा तो नव्हे, तीस रुप्यांवाला इस्कर्योत वेगळा, हा याकोबाचा यहूदा, मत्तयात ह्यालाच तद्दय म्हटलंय, कॅथलिक लोक सेंट ज्यूड म्हणतात. मग कुठं शांत झाली. एक "तद्दय" शब्द चौकटीत टाकला असता तर माझी जेवणं गार झाली नसती. नावांचा घोळ एकूणच आहे, कुठं याकोब, कुठं जेम्स, एका ठिकाणी जेकब, एकच माणूस तीन नावांनी फिरतोय. मराठी कॅलेंडर आहे तर शास्त्रातली नावं वापरा की सरळ, पेत्र, अंद्रिया, बर्थलमय, सगळ्यांना पाठ हायत.

बायकोची तक्रार वेगळी आणि माझ्या मतानं सगळ्यात वजनदार. २२ जुलै, मरीया मग्दालिया. कॅलेंडरात बारीक काळ्या अक्षरात, चित्र नाही, टीप नाही. २०१६ ला पोप फ्रान्सिस ह्यांच्या वेळी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांएवढाच दर्जा दिला, कारण पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांना सांगायला पहिली गेली ती हीच, म्हणून तिला प्रेषितांची प्रेषिता म्हणतात. दहा वर्षं झाली त्याला. बायको म्हणाली बारा बाप्यांना पानभर आणि तिला ओळभर. मी काय बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच काय.

रविवारचा मुद्दा पण सांगतो कारण ह्यात कॅलेंडरनं फसवलं थोडं. कॅथलिकांच्यात प्रेषिताचा सण रविवारी आला की रविवार जिंकतो, त्या वर्षी प्रेषित मागं सरतो. २०२६ ला बघा, २५ जानेवारी रविवार, २२ फेब्रुवारी रविवार (उपवासकाळातला पहिला), ३ मे रविवार, २७ डिसेंबर योहानाचा दिवस तो पण रविवार. चार-चार गेले. कॅलेंडरात चारी लाल. बायको ३ मे ला फिलिप्प-याकोबाचा सण म्हणून मिस्सेला गेली आणि वाचनं ईस्टरकाळातल्या पाचव्या रविवारची. आपल्या अँग्लिकन पद्धतीत असा दिवस बहुतेक सोमवारी ढकलतात, तेही लिहिलेलं नाही. सुटतो फक्त २९ जून, तो वरच्या दर्जाचा, रविवारी आला तरी हटत नाही, आणि भारतात ३ जुलैला पण तो मान हाय. एक छोटी चांदणी टाकून "रविवारमुळे ह्या वर्षी नाही" असं छापलं असतं तर काम झालं असतं.

ऑगस्टच्या पानावर बर्थलमय, २४ तारीख, आणि खाली ठोकून दिलंय की "हा प्रेषित कल्याणला आला होता". आपल्या कल्याणला! वाचून छाती फुगते पण एवढं ठाम लिहायला नको होतं. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की पॅन्टेनस नावाचा शिक्षक दुसऱ्या शतकात इंडियात गेला, तिथं त्याला मत्तयाचं शुभवर्तमान हिब्रू अक्षरात लिहिलेलं सापडलं आणि ते बर्थलमयनं ठेवलेलं होतं. त्यावरनं काही अभ्यासकांनी कल्याणचं बंदर जोडलं. पण त्या काळचे लेखक अरबस्तानाला, इथिओपियाला पण इंडिया म्हणून मोकळे व्हायचे. थोमाचं निराळं, केरळात इसवी सन ५२ ला मुझिरीसला उतरला आणि ७२ ला मैलापूरला मारला गेला ही आठवण तिथल्या समाजानं जिवंत ठेवलीय, चेन्नईत सँथोम बॅसिलिका हाय, डोंगर हाय, माणसं हायत. कल्याणात बर्थलमयच्या मागं असं काय उभं नाही. "असं काहींचं म्हणणं आहे" एवढं लिहिलं असतं तरी वजन राहिलं असतं.

आता चांगलं सांगतो, कारण मी तारे कापायला बसलेलो नाही. ह्या कॅलेंडरात आपले सगळे सण पण आहेत, गड्ड्याची यात्रा, रमजान, आंबेडकर जयंती, आणि एकाच चौकटीत शेजारी शेजारी. २९ जूनला वटपौर्णिमा आणि पेत्र-पौल एकत्र आले. आमच्या बिल्डिंगखाली वडाला सूत गुंडाळायला बायका आल्या होत्या आणि माझी बायको चर्चला जायला निघाली, दोघीतिघींनी तिला थांबवून आंबे दिले, हिनं संध्याकाळी केक पाठवला. आणि २५ जुलै तर विचारूच नका. थोरल्या याकोबाचा दिवस आणि आषाढी एकादशी! स्पेनमधल्या कंपोस्टेलाला ह्याच याकोबाच्या नावानं लोक शेकडो किलोमीटर चालत जातात, फ्रान्सच्या बाजूनं निघणारी मोठी वाट साधारण आठशे किलोमीटरची, आणि गळ्यात शिंपला बांधतात ती त्या वारीची खूण, जशी आपल्याकडं तुळशीची माळ. चालणाऱ्यांचा प्रेषित तो. आणि ह्या वर्षी त्याचा दिवस पंढरपूरच्या जिल्ह्यात एकादशीला पडतोय. आमच्या समोरच्या काकू दरवर्षी वाखरीपासनं चालतात, त्या परवा साखर मागायला आल्या तर जुलैच्या पानावरच्या याकोबाकडं बघून म्हणाल्या, "ह्याच्या गळ्यात शिंपलं कशाला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माळकरीच की." कॅलेंडरवाल्यानं हे मुद्दाम जुळवलेलं नाही, तारखांनी जुळवलंय, पण चौकटीत दोन्ही नावं व्यवस्थित, एकाच साईझमध्ये छापली ह्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. आणि खाली टीप, २५ जुलै रविवारी आला की कंपोस्टेलात पवित्र वर्ष पाळतात, पुढचं २०२७. बरोबर आहे, मी वार मोजून बघितला.

वापरायला कसं? आर्ट पेपर गुळगुळीत, बॉलपेन चालत नाही, दुधाचा हिशोब लिहायला गेलं की रेघच उठत नाही. गॅस कधी लावला, दूध किती खाडे, कामवालीची सुट्टी, हे ज्या कॅलेंडरवर लिहिता येत नाही ते कॅलेंडर घरात अर्धंच. आम्ही मार्कर आणला, तो मागच्या पानावर उमटला आणि एप्रिलमधल्या मार्काच्या कपाळावर "अर्धा लिटर" आलंय. पत्र्याची पट्टी पक्की, भोक फाटलं नाही, उन्हाळ्यात कोपरे थोडे वळले तेवढंच. वार मराठीत, आकडे मोठे, पप्पांना खाटेवरनं दिसतात. चतुर्थी-एकादशी शोधायला काकू आमच्याकडं येतात आता, त्यांच्या कॅलेंडरचे आकडे बारीक म्हणून.

सर्व्हिसचं सांगायचं तर, मे ची शिंपल्याची चूक घेऊन मी दुकानात गेलो. काऊंटरवरचे अंकल शांत माणूस, चष्म्यावरनं बघितलं, म्हणाले, "चुकलंय की हो." मी म्हटलं बदलून द्या. म्हणाले, "दुसरं दिलं तरी तेच हाय की, सगळीच एका प्रेसमधनं आलीत." हे पण खरंच. मग म्हणाले थांबा, आत गेले आणि स्टिकरची शीट घेऊन आले, आधीच कुणीतरी तक्रार केली होती म्हणून छापून घेतलेले, सोट्याचं चित्र, शिंपल्यावर चिकटवायला. चिकटवलं. थोडं तिरकं बसलंय पण पप्पा खूश. सहाव्या बोटाचं विचारलं तर म्हणाले, "त्याला स्टिकर नाही करता येत, तुम्ही व्हाइटनर लावा." पैसे कमी केले नाहीत, पण एक पाकीट मेणबत्त्या हातावर ठेवल्या. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं. यूपीआय चालतं. दुपारी दीड ते चार बंद, सोलापूर आहे, झोप महत्त्वाची.

पाचपैकी साडेतीन. तारखांच्या खालच्या त्या दोन ओळींना एकट्यांना पाच देईन, चित्रांना दीड. ज्यांच्या घरात दोन मंडळ्यांची माणसं आहेत त्यांनी डोळे झाकून घ्या. ज्यांना फक्त दुधाचा हिशोब लिहायचाय त्यांनी नको. २०२७ साठी मी अंकलना व्हॉट्सअॅपवर दुरुस्त्यांची यादी पाठवलीय, तद्दय, चांदणी, मग्दालियाला पान, कल्याणपुढं "असं म्हणतात", पौलाला घोड्याऐवजी तंबू, आणि पाचच बोटं. ब्लू टिक आलीय. उत्तर नाही अजून, फक्त दोन तासांनी त्यांनी "वाढदिवसाच्या शुभेच्छा" पाठवल्या, त्या कुणाला ते विचारायचं राहिलंय.